दुसरा डोळा

पेणमधल्या आमच्या कारखान्यात दाराशी एक उंदीर होता. प्लास्टरचा, कमरेएवढा उंच, आतून पोकळ. कुठल्याशा मंडळाने मोठ्या गणपतीबरोबर मागवला होता. मूर्ती नेली, उंदीर न्यायला कुणी आलंच नाही. मावशीने, म्हणजे आमच्या मालकिणीने, दोन वर्षं वाट बघितली आणि मग त्याला कामाला लावलं. त्याच्या पाठीत हात जाईल एवढं भोक होतं. सकाळी आत येणाऱ्या प्रत्येकाने आपला मोबाईल त्या भोकातून पोटात सोडायचा आणि संध्याकाळी घरी जाताना काढून घ्यायचा. कुणाचा फुटू नये म्हणून तळाला तिने जुनी गोधडी घातली होती. एवढी दया तिच्याकडे होती.

दिवसभर तो उंदीर वाजायचा. कधी आरती, कधी सिनेमातलं गाणं, कधी नुसती घरघर. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. मावशी मान वर न करता म्हणायची, "भूक लागलीय त्याला. रडूदे."

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव चारचौघांत गेलेलं तिला खपत नसे. कारखान्यावर पाटीसुद्धा नव्हती. "ज्याला मूर्ती पायजे तो येतो बरोबर," असं म्हणायची, आणि येतही होते. लहानखुरी, हाडकुळी बाई. साडीवर पुरुषी शर्ट, शर्टाच्या खिशात मशेरीची डबी, चष्म्याला मागून बांधलेली नाडी. मूर्तींना रंग देणारे पेणमध्ये पुष्कळ आहेत. आखणी करणारे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारे, थोडे. आणि बायकांमध्ये आपण एकटीच, असं ती स्वतःच सांगायची. खरंखोटं तिला माहीत.

आखणीची खोली आत, वेगळी. तिथे एक खिडकी, खिडकीखाली बसायची जागा, आणि समोर एक बुटका पाट. डोळे काढून झाले की मावशी उठायची, मूर्ती चौरंगावर ठेवायची आणि स्वतः त्या पाटावर जाऊन बसायची. घरात पूजेला बसणारा माणूस खाली बसतो आणि वर बघतो, म्हणून मूर्तीही तिथूनच बघायची. मूर्ती आपल्याकडे बघते आहे असं वाटलं तर ठीक, नाहीतर पुसायचं. "आपण देवाला बघून काय उपेग गो? त्यानं आपल्याला बघितलं पायजे."

गिऱ्हाईक आलं की मूर्ती किती फुटांची हे नंतर, आधी ती विचारायची, "पूजेला बसणार कोण? उंच की बुटका?" लोक बुचकळ्यात पडायचे. पण तिचं सगळं गणित त्यावर असे. तिच्या डोक्यात गिऱ्हाइकांची नावं नव्हती, उंच्या होत्या. पनवेलचा ताडमाड डॉक्टर. डोलवीला कंपनीत शिफ्टला जाणारा, मांडी घालता येत नाही म्हणून स्टुलावर बसणारा. आणि रोह्याचे एक म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना भाऊ म्हणत, सगळ्यांत बुटके. दरवर्षी त्याच साच्यातली दीड फुटी मूर्ती न्यायचे. त्यांच्या गणपतीचं बुबुळ ती केसभर खाली टेकवायची. मी इतकी वर्षं बघत होते, पण तो केस मला कधी मोजता आला नाही.

रागीट म्हणावी तर होती. सकाळी कुणाशी भांडून आली की त्या दिवशी डोळ्यांना हात लावायची नाही, दिवसभर छोट्या उंदरांच्या शेपट्या रंगवत बसायची. ती शेपट्या रंगवताना दिसली की सगळा कारखाना हळू आवाजात बोलायचा. शेजारची बाई तर आमच्याकडे डोकावून शेपट्या बघूनच उसनी साखर मागायची की नाही ते ठरवायची.

मी जिते गावची. बाविसाव्या वर्षी तिच्याकडे आले, रोज गाडीने पेणला यायची. पहिला पावसाळाभर तिने मला मूर्तीला शिवू दिलं नाही. फुटक्या हातांवर, मोडक्या सोंडांवर डोळे काढायला बसवलं. जित्याला घरी अजून एक प्लास्टरचा गुडघा आहे, त्याला अकरा डोळे आहेत. पाहुण्यांची लहान मुलं त्याला घाबरतात.

"पहिला डोळा कोणपण काढतं," ती सांगायची. "पहिला काढताना आपल्या मनाचं चालतं. दुसऱ्याला पहिल्याचं ऐकावं लागतं. म्हणून दुसरा डोळा ज्याला काढता येतो तो कारागीर." आणि नियम एकच. पहिल्या नि दुसऱ्या डोळ्याच्या मधे काहीही झालं तरी उठायचं नाही. एकदा आतल्या खोलीत धामण शिरली होती. आम्ही सगळे ओरडत बाहेर. मावशी दुसऱ्या डोळ्याची पापणी ओढत होती. ती पूर्ण झाल्यावर ब्रश पाण्यात बुडवला, कोपऱ्यात बघितलं आणि म्हणाली, "थांबली बरी." धामणीला म्हणाली की आम्हाला, ते कळलं नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. खिडकीतली जागा पुढे माझी, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण चार वर्षांनी डोळ्यांचे ब्रश माझ्याकडे धुवायला द्यायला लागली. ज्यांना कळतं त्यांना कळलं.

आणि नेमकं तेव्हाच माझं चित्त उडालं.

सुरुवात साधी होती. एका चतुर्थीच्या आधी, मावशी बाजारात गेलेली असताना, मी उंदरातून मोबाईल काढला आणि एका मूर्तीचा व्हिडिओ करून टाकला. मूर्ती आंधळी असते, ब्रश फिरतो, बुबुळ टेकलं की ती बघायला लागते. सकाळी जित्याला गाडीत बसले तेव्हा बघणारे शंभर होते, पेणला उतरले तेव्हा हजार. लोक लिहायचे, ताई, अंगावर काटा आला. ताई, तुमच्या हातात देव आहे. जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मावशीची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "बरं हाय, पुसू नको."

मग मी लबाडी केली. भावाचा बंद पडलेला जुना मोबाईल उंदराच्या पोटात टाकायला लागले आणि खरा ड्रेसच्या खिशात. दोन मूर्तींमागे एकदा बघायची, मग प्रत्येक मूर्तीमागे, मग दोन डोळ्यांच्या मधे. मोबाईल वाजला नाही तरी मांडीला वाजल्यासारखा वाटायचा. आईचं बोलणं अर्धं ऐकू यायचं. दोनदा पेण गेलेलं कळलं नाही, पुढच्या स्टेशनावर, कासूला उतरले. दुसरा डोळा पहिल्याशी जुळेना. पुसायची, काढायची, पुन्हा पुसायची. ब्रश खराब आहेत असं वाटून त्या वर्षी मी सात ब्रश बदलले. मनात भीती बसली होती. माझा हात चालला होता, आणि हात गेला की या धंद्यात माणूस शेपट्यांपुरता उरतो. ती भीती विसरायला मी पुन्हा मोबाईलच काढायची.

मावशीला संशय आला नाही असं नाही. एकदा उंदरावर हात ठेवून म्हणाली, "तुझा मोबाईल लय गुणाचा हाय गो. कधी रडत नाय." मी हसले. ती हसली नाही.

पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीया झाली आणि तिने सांगून टाकलं, "खिडकीतली जागा यंदा तुझी. मला कंटाळा आलाय डोळ्यांचा. मी नखं नि दागिने बघते." पाटावर बसून मूर्ती तपासायचं कामही तिने माझ्यावर टाकलं. मला आभाळ ठेंगणं झालं. गुरूने गादी सोपवली, असं लिहून मी त्या रिकाम्या जागेचा फोटोसुद्धा टाकला.

आता लपवायचं कशाला, असं ठरवून मी पहिल्याच दिवशी मोबाईल उघड उघड खिडकीच्या गजाला चिमट्याने लावला, माझ्या डाव्या हाताला. मावशी भिंतीला हात लावत आत आली, आपल्या जागी बसली, एका मूर्तीचं नख रंगवायला घेतलं. चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मला वाटलं, म्हातारीने कानाडोळा केला. हरली.

त्या चार महिन्यांत मी चाळीसेक घरच्या मूर्ती आखल्या. खांदा आड येऊ नये म्हणून मी जरा उजवीकडे सरकून बसायची, मूर्ती जरा डावीकडे फिरवायची. डोळा उघडला की नाही, ते मी मूर्तीत बघत नव्हते, मोबाईलच्या काचेत बघत होते. काचेत प्रत्येक गणपती माझ्याकडे थेट बघायचा. बुटका पाट व्हिडिओत मधे यायचा, म्हणून तो मी भिंतीला उभा करून ठेवला होता.

हरतालिकेच्या संध्याकाळी माझ्या मोबाईलवर रोह्याच्या भाऊंचा फोन आला. आदल्याच दिवशी ते मूर्ती घेऊन गेले होते.

"मूर्ती सुंदर आहे," ते म्हणाले. "रंग सुंदर आहे. पण ती माझ्याकडे बघत नाही."

"भाऊ, उजेड कमी असेल खोलीत."

"असेल," ते म्हणाले. "पण एवढी वर्षं उजेड तोच आहे."

मी मावशीला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची गंमत म्हणून. मावशी उठून उभी राहिली. "सकाळच्या गाडीनं जायाचं," म्हणाली आणि ब्रश नि रंगाच्या डब्या रुमालात बांधायला लागली.

चतुर्थीच्या सकाळी आम्ही रोह्याची गाडी पकडली. चढताना तिने माझं कोपर घट्ट धरलं होतं. मला वाटलं, काळजीत आहे. गाडीत ती समोरच्या बाकाकडे बघत बसली होती आणि मी चतुर्थीच्या शुभेच्छांना उत्तरं देत होते. प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्तीला ब्रश लावता येत नाही. गुरुजी दहाला येणार होते. ती एकदाच बोलली, "किती वाजले गो?" मोबाईल हातात असूनही मला चटकन सांगता आलं नाही, कारण मी भलतंच काही वाचत होते.

भाऊंचं घर नदीकडच्या आळीत. पत्नी गेल्यापासून एकटेच. त्यांनी दार उघडलं, आत नेलं. चौरंगावर मूर्ती, समोर पाट, ताम्हन, दूर्वांची जुडी, सगळं मांडलेलं. भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच कमी होते. मूर्ती मला तर झकास दिसत होती.

मावशी पाटावर बसली. पदर सावरला, मान वर केली आणि बघत राहिली. मी उभी. भाऊ चहाचे कप घेऊन दाराशी उभे. घड्याळाचा काटा वाजत होता. मग मावशी पाटावरून उतरली आणि गुडघ्यांवर डावीकडे हातभर सरकली. पुन्हा मूर्तीकडे बघितलं. आणखी हातभर सरकली. तिथे भाऊंचं लोखंडी कपाट होतं, त्याला तिचा खांदा लागला. ती थांबली.

"हितं बघतोय," ती म्हणाली. "हितं कोण बसलेलं गो?"

भाऊंच्या घरातली ती जागा मी बघितली आणि मला कारखान्यातला खिडकीचा गज दिसला.

"मोबाईल," मी म्हणाले.

"कोणचा मोबाईल?"

"माझा. गजाला लावलेला. रोज होता, मावशी. अक्षय्य तृतीयेपासून. तुझ्या डाव्या हाताला. तुला दिसत होता ना?"

तिने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. पुसून काही होणार नाही हे तिला माहीत होतं, असं मला आता वाटतं.

"नाय," ती म्हणाली. "डावीकडचं नाय दिसत मला. उजवीकडचं पण नाय. समोरचं दिसतं, नळीतनं बघावं तेवढं."

भाऊंनी हातातले चहाचे कप खाली ठेवले आणि आत निघून गेले. शहाणा माणूस.

हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार तिच्या डोळ्यांचा आला नाही. चाळीस मूर्तींचा आला. चाळीस घरांत आज पूजा होणार, आणि चाळीस गणपती पूजेला बसलेल्या माणसाला सोडून माझ्या मोबाईलकडे बघत बसणार. तिच्या डोळ्यांचं त्यानंतर डोक्यात शिरलं. भिंतीला हात लावत येणं. डोळ्यांचा आलेला कंटाळा. कोपर धरणं. आणि मी चार महिने तिच्यापासून दोन हातांवर बसले होते.

"पूस," मावशी म्हणाली. "आन काढ."

"मावशी, तू काढ. माझा हात नाही राहिला."

"माझे डोळे नाय राहिले. तुझा हात हाय का नाय ते बघू."

जुन्या डोळ्यांवर दिलेला सफेद रंग साडेनऊला सुकला. मी भाऊंना हाक मारली आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. "हा कुठेतरी ठेवा. कुठे ते मला सांगू नका." ते आत गेले, डब्यांचा आवाज झाला आणि परत आले. मावशी पुन्हा पाटावर, माझ्या मागे. मी पहिला डोळा काढला. पहिला कुणीही काढतं.

ब्रश धुतला, रंग घेतला, हात उचलला. आणि आत कुठेतरी, डब्यात कोंडलेला, माझा मोबाईल वाजायला लागला. हात हवेत थांबला. खरं सांगते, माझी मान आतल्या दाराकडे वळत होती. कोण असेल, काय असेल. पहिला डोळा उघडा होता आणि दुसऱ्या जागी नुसता सफेद. उठले तर संपलं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मागून मावशी हळू म्हणाली, "भूक लागलीय त्याला. रडूदे."

तो रडला, थांबला, पुन्हा रडला. मी पहिल्या डोळ्याकडे बघत राहिले. बघता बघता आवाज लांब गेला. बंद झाला की मला ऐकू येईनासा झाला ते सांगता येणार नाही. पापणी ओढली. बुबुळ टेकवलं, केसभर खाली. तो केस त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसला.

बाहेर गुरुजींच्या चपलांचा आवाज आला तेव्हा भाऊ पाटावर बसलेले होते. त्यांनी वर बघितलं. बराच वेळ हात जोडायचेही विसरले. मग उपरण्याने डोळे टिपले आणि म्हणाले, "आला."

मावशी दाराशी चपला चाचपत होती. मी त्या तिच्या पायांशी सरकवल्या. "बरं हाय," ती म्हणाली. "पुसू नको."

परतीच्या गाडीत नागोठणं गेल्यावर मला आठवलं की मोबाईल भाऊंकडेच राहिला. मी उठायला लागले. मावशीने हात धरून बसवलं. बाहेरचं तिला फारसं दिसत नाही हे मला ठाऊक होतं. तरी खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "गेल्या दिवाळीपासून असं हाय. कोणाला सांगू? डोळे काढणारीचे डोळे जातायत म्हटल्यावर मूर्ती कोण नेईल माझ्याकडनं?" थोड्या वेळाने म्हणाली, "तू मोबाईल लपवलास. मी डोळे लपवले. फिट्टंफाट."

फिट्टंफाट नव्हतं, आणि तिलाही ते माहीत होतं.

मोबाईल पाच दिवसांनी मिळाला. कुठे ठेवला ते भाऊ स्वतःच विसरले होते. गौरी गेल्यावर खिचडी टाकायला मुगाच्या डाळीचा डबा उघडला तेव्हा सापडला, आणि गाडीने येणाऱ्या कुणाबरोबर त्यांनी तो पाठवून दिला. ते पाच दिवस सोपे गेले नाहीत. हात सारखा खिशाकडे जायचा. पहिले दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते, आई म्हणाली, हिला काय झपाटलंय काय. चौथ्या दिवशी तिने मला मामाच्या जमिनीची सगळी हकिगत सांगितली. संपल्यावर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आज पुरतं ऐकलंस गो." पाचव्या दिवशी मावशीला घेऊन मी पनवेलला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. काचबिंदू निघाला. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं, उरलेलं सांभाळायचं. पावसाळ्याआधी आला असतात तर अजून बरंच वाचलं असतं. मावशीने मान हलवली, जणू रंगाचा भाव ऐकला. माझ्याकडे बघितलं नाही. मी समोर नव्हते, बाजूला बसले होते.

त्या संध्याकाळी मोबाईल चार्ज केला आणि एकेक व्हिडिओ पुसायला बसले. पुसण्याआधी बघत होते. एका व्हिडिओत मी पुढे आहे, ब्रश फिरतो आहे, गाणं लावलं आहे. मागे मावशी बसलेली आहे. चहाचा कप तिच्या उजव्या बाजूला. ती हात लांब करते. हात कपावरून जातो. परत येतो, परत जातो. तिसऱ्यांदा बोटं कपाला लागतात, तेव्हा ती इकडेतिकडे बघते, कुणी बघितलं तर नाही ना. खाली लोकांनी लाल बदाम टाकलेले होते. मीही सगळ्यांना उलट बदाम टाकले होते.

तसे सहा व्हिडिओ निघाले. एकात ती दाराच्या चौकटीला आपटते. ते सगळं मी स्वतः टिपलं होतं, निवडलं होतं, लोकांना दाखवलं होतं. बघितलं मात्र नव्हतं. मी खूप रडले, आणि मग खातं बंद करून टाकलं. चाळीसपैकी बाकीच्या कुणाचीही तक्रार कधी आली नाही. ते मला अजून जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी उंदराच्या पोटातून भावाचा मेलेला मोबाईल काढला आणि माझा खरा टाकला. तो वाजला. मावशीने आवाजाकडे मान वळवली. "तुझा?" तिने विचारलं. "माझा," मी म्हणाले. एवढंच.

त्यानंतर ती चार वर्षं होती. नळी बारीक होत गेली आणि शेवटच्या वर्षी बंद झाली. तरी रोज यायची. मी एकेक मूर्ती पुरी करायची, चौरंगावर ठेवायची, आणि ती चाचपत पाटावर जाऊन बसायची, मान वर करायची.

"मला नाय दिसत तर नाय," म्हणायची. "मी त्याला दिसते का, तेवढं सांग."

मग मी तिच्या मागे गुडघे टेकून बसायची, तिच्या गालाला गाल लावायची आणि तिथून वर बघायची. तिच्या गालाला मशेरीचा वास यायचा. असेल ते खरं सांगायची. बघतोय, किंवा नाय बघत.

तिच्या शेवटच्या चतुर्थीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळ होत आलेली, गाडीची वेळ झालेली, पाऊस लागून राहिलेला. शेवटची मूर्ती चौरंगावर होती, मावशी पाटावर. मी ब्रश धूत होते. मोबाईल उंदराच्या पोटात, मुका. माझं मन मात्र गाडीत जाऊन बसलं होतं.

"बघतोय का गो?"

"बघतोय," मी म्हणाले.

ती उठली नाही. आंधळी मान तशीच वर.

"तू बसलीच नायस," ती म्हणाली. "न बसता कसं दिसलं?"

मी ब्रश खाली ठेवला. तिच्या मागे जाऊन गुडघे टेकले, गालाला गाल लावला आणि वर बघितलं. मूर्ती तिच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघत होती.

"नाय बघत," मी म्हणाले.

"मग पूस," मावशी म्हणाली, आणि मांडी बदलून पाटावर नीट बसली.